धरलं की बाद

मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही. पंगतीतून कुणी मधेच उठलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. आमचं घर बेळगावातलं जुनं, वडील कोर्टात शिरस्तेदार, आणि नियम म्हणजे नियम, एवढ्या एका वाक्यावर आम्ही चार भावंडं वाढलो. अशा माणसाच्या वाट्याला कप्तान यावेत, हा माझ्यावर झालेला अन्यायच म्हणायला हवा. आम्ही बारा वर्षं एका शाळेत होतो आणि त्या बारा वर्षांत त्यांनी मला एक दिवस धड श्वास घेऊ दिला नाही.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते उलटे चालत होते. मी इंग्रजीचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि संध्याकाळी अनगोळच्या रस्त्यानं फिरायला निघालो होतो. समोरून धुळीनं माखलेली पंधरा जवान पोरं येत होती. त्यांच्या पुढं, त्यांच्याकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून, खाकी चड्डीतला पंचेचाळिशीचा एक माणूस डाव्या पायानं लंगडत मागं मागं सरकत होता. पायांत पलटणीचे बूट, बुटांना नाड्या नाहीत, काखेत चामड्याचं काहीतरी लांबट गोल. आणि त्यांच्या पाठीशी, रस्ता अडवून, कुणाच्या तरी आठ-दहा म्हशी.

"अहो, म्हशी! म्हशी!" मी ओरडलो.

ते वळले नाहीत. पोरांतला एक शांतपणे म्हणाला, "कप्तान, उजव्या अंगाला." ते उजवीकडे सरकले, दोन म्हशींच्या मधून अलगद निघाले आणि माझ्याजवळ येऊन थांबले.

"नवे इंग्रजीचे मास्तर न्हवं तुमी? घाबरलासा काय?"

"वळून बघावं ना माणसानं!"

"कप्तानानं फुडं बघायचं नसतंय मास्तर. फुडं काय हाय ते पोरं सांगत्यात की. मला माझी पोरं दिसाय पायजेत."

मी त्या दिवशी पुढं फिरायला गेलोच नाही, तसाच घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी कळलं की हे गृहस्थ आमच्याच शाळेचे ड्रिल मास्तर. मूळचे गुंजीचे. जर्मन लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले, हवालदार होऊन आणि एक गुडघा कायमचा बिघडवून परत आले. येताना तो लांबट चेंडूचा खेळही घेऊन आले. रग्बी. आमच्या कँपातले गोरे सोल्जर हा खेळ खेळत आणि गावातले लोक तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहून हसत. पंधरा गडी इकडे, पंधरा तिकडे. चेंडू छातीशी धरून पळायचं, पलीकडच्या रेघेपार टेकवायचा. हातानं द्यायचा झाला तर फक्त मागच्या गड्याला, पुढच्याला कधीच नाही. आणि समोरच्यानं वाटेल तसं धरावं, आडवं पाडावं. कप्तानांनी शाळेतून बाहेर पडलेली पोरं, अनगोळच्या शेतकऱ्यांची पोरं, चांभारगल्लीतले दोघे आणि एक टांगेवाला असा पंधरा जणांचा संघ उभा केला होता. गावातल्या क्रीडा मंडळानं त्याला आपला म्हटलं होतं, पण जरा लांबूनच.

लांबून का, तर चेंडू चामड्याचा. कँपातल्या एका सार्जंटानं टाकून दिलेला, चांभारगल्लीत पुन्हा शिवलेला आणि कप्तान रोज रात्री एरंडेल चोळून मऊ ठेवायचे तो. शिवाय या खेळात आठ-आठ जण एकमेकांच्या गळ्यात हात घालून, डोकी खुपसून, गाडीला बैल जुंपावेत तसे रेटारेटी करतात. त्या रेटारेटीत कोण कुणाला शिवलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकाची आई शाळेत आली. तिचा मुलगा रोज संध्याकाळी बाटून घरी येतो, त्याला विहिरीवर अंघोळ घालावी लागते, अशी तिची तक्रार होती. कप्तानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई चांगलं करतायसा आक्का. म्या सगळ्यास्नीच सांगतो, अंघूळ करत जावा म्हणून. पंधरा जनांचा वास येतोय." बाईंना राग यावा की हसू, कळेना. मी मात्र कोपऱ्यात उभा राहून घामाघूम झालो होतो.

त्यांना मोजायची खोड होती. कुठंही चारजण जमले की त्यांचं बोट हलायला लागायचं. आमच्या घरी सत्यनारायण होता, तीर्थ हातात घेऊन हे आपले माणसं मोजतायत. एवढं चालून गेलं असतं. पण शाळेचा शिपाई वारला आणि स्मशानातून परतताना हे वाटेत उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "बावीस. येताना तेवीस होतो." लोकांच्या अंगावर काटा आला. एक म्हातारे तर मटकन खाली बसले. मग लक्षात आलं की एकजण नदीवर हातपाय धुवायला थांबलाय. कप्तान त्याला घेऊनच आले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, असं स्मशानात मोजतात काय?" तर म्हणाले, "मग कुठं मोजायचं? बाजारात?"

त्यांचा खेळ शिकवण्याचा मार्ग कुठल्या पुस्तकात नव्हता. मी त्या खेळाच्या नियमांची पुस्तिका मिळवून मोठ्या हौसेनं मराठीत उतरवली होती, ती त्यांनी डोक्याला लावली आणि मलाच परत दिली. त्यांचा नियम एकच. एका गड्याचा एक दम. चेंडू हातात आला की हुतूतू म्हणत पळायचं आणि दम संपायच्या आत चेंडू मागच्याला द्यायचा. "दम संपल्यावर चेंडू धरून बसनारा मानूस चोर," असं म्हणायचे. पोरं सगळी मुळात हुतूतूची, त्यांना हे पटकन जमलं. संध्याकाळी अनगोळच्या माळावर पंधरा पोरांचं ते हुतूतू एकाकडून दुसऱ्याकडं जायचं, मधे खंड नाही. नियमांच्या पुस्तकात याला मनाई नव्हती. मी दोनदा पाहिलं.

आणि त्याच माळावर त्यांनी एका पोराला मारलं. तोवर पोरं नुसती पळायची आणि चेंडू द्यायची, धरून पाडायचा तो पहिलाच सराव. मी पुस्तिका घेऊन बांधावर बसलो होतो. अनगोळचा एक नावाजलेला हुतूतूपटू चेंडू घेऊन पळाला, दोघांनी त्याला धरून पाडलं. तो उठला, अंगावरची माती झटकली, चेंडू खाली ठेवला आणि मुकाट्यानं रेघेबाहेर येऊन माझ्याशेजारी बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. धरलं की बाद, हे त्यांच्या रक्तातच होतं. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. बघता बघता बांधावर आठजण झाले आणि मला हसू आवरेना.

कप्तानांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. कधी कुणाला अरे न म्हणणारा हा माणूस लंगडत धावत आला आणि त्या पहिल्या पोराच्या थोबाडीत त्यानं अशी दिली की माझी पुस्तिका हातातून पडली.

"ऊठ! कोन म्हनालं तुला बाद? कोन म्हनालं?"

"धरलं की ओ कप्तान..." पोरगा रडकुंडीला आला.

"धरलं तर धरलं! मेलास काय? ऊठ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अनगोळला त्या पोराच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर कान धरून उभे राहिले. ड्रिल मास्तरनं एका पोराच्या आईपुढं कान धरायचे! हेडमास्तरांना कळलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला आठवडाभर झोप नव्हती.

आता मुख्य गोष्ट. कप्तान अधूनमधून एक वाक्य बोलायचे. "मी हिंदुस्थानचा कप्तान होतो. एक दिस." माणसानं सकाळी काय खाल्लं ते सांगावं तशा आवाजात. पुढं कुणी विचारलं, कुठं, कधी, तर "बसऱ्याला" एवढंच. जिंकलात काय? "हरलो." आणि मग उठून चेंडूला तेल चोळायला लागायचे. गावानं ते निम्मं खरं धरलं, निम्मं सोडून दिलं. मी स्वतः त्यातलं काही खरं धरत नव्हतो, हे कबूल करतो.

चार वर्षांनी कँपातल्या एका गोऱ्या पलटणीनं आमच्या संघाशी सामना खेळायचं कबूल केलं आणि सगळ्या गावाच्या अंगात आलं. मंडळाचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी हँडबिल लिहायला घेतलं आणि कप्तानांच्या नावाखाली झोकात घातलं, हिंदुस्थानच्या संघाचे माजी कप्तान. छापायला जायच्या आधी कुणीतरी शंका काढली. हे खोटं निघालं तर? कँपातले साहेब वाचतील, हसतील. गावाची शोभा होईल. वकीलसाहेबांना एकदम घाम फुटला. त्यांनी सांगून टाकलं, या गोष्टीचा पुरावा द्या, नाहीतर खोटं बोलणारा माणूस आमचा संघ कँपात नेणार नाही. सामना दुसऱ्या कुणाच्या हाताखाली होईल.

कप्तानांना याचा किती धक्का बसला ते मी पाहिलं. त्यांना नोकरीची फिकीर नव्हती, नावाची तर नव्हतीच. पण ती पंधरा पोरं दुसऱ्याच्या हाती द्यायची, म्हटल्यावर ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "निपाणीला एक गडी हाय. माझ्यासंगं होता बसऱ्याला. त्याला इचारा. त्यो खोटं बोलनार न्हाय." मग दाराशी जाऊन म्हणाले, "पर माझ्या बाजूनंबी बोलनार न्हाय."

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बैठक भरली. निपाणीहून ते गृहस्थ सकाळच्या मोटारीनं आले होते आणि पुतणीकडे उतरले होते. तंबाखूचं रान कसणारे, उंच, हडकुळे, डोक्याला लाल पटका. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. वकीलसाहेबांना कोर्टाची सवय, त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

"आप्पा, समोर उभे आहेत त्या गृहस्थांना तुम्ही ओळखता?"

"वळकतो. वीस वर्सं वळक देत न्हाय, एवढंच."

"हे हिंदुस्थानच्या संघाचे कप्तान होते, हे खरं काय?"

"खरं हाय."

वकीलसाहेबांनी खुशीनं चहा सांगितला.

"च्या नगं," आप्पा म्हणाले. "माझं झाल्यालं न्हाय अजून. कप्तान व्हता, आन लबाड व्हता."

मी कप्तानांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

आप्पांनी सांगितलं ते असं. बसऱ्याला गोऱ्यांच्या नाताळाला खेळ ठरला. साहेब म्हणाला, देशी पलटणीनं पंधरा गडी द्यावेत, आणि मैदानावर पाटी लावली, इंग्लंड विरुद्ध हिंदुस्थान. दवाखान्यातून नुकती उठलेली, रिकामी बसलेली चौदा माणसं सापडली, ती घेतली. पंधरावा हा हवालदार. तो साहेबांच्या खेळाला चेंडू आणून द्यायचा, त्याला एकट्याला खेळ माहीत, म्हणून तो कप्तान.

"ह्यानं आमास्नी येकच नेम सांगितला. म्हनला, आपल्या हुतूतूवानीच हाय रं. धरलं की बाद. धरलं की गुमान भाईर येऊन बसायचं. आमी आलो. येकाला धरलं, त्यो आला. दुसऱ्याला धरलं, त्यो आला. चार दम टाकायच्या आत चौदाच्या चौदा रेघंवर. गोरं पोट धरून हसायलं. आन ह्यो? ह्येला धरलं, पाडलं, गुडघ्यावर बूट दिला. धा येळा पाडलं! धरलेला गडी, आन पुना उठतोय, पुना पळतोय. आमी वरडालोय, अरं बाद हैस, भाईर ये. ऐकंल तर शप्पथ."

आप्पांचा आवाज चढला होता.

"आमच्यात हुतूतूत बाद झाल्याला गडी आत ऱ्हायला तर त्याला कोन पानीबी देत न्हाय. आमाला येक नेम आन सोताला येक. त्या दिसापासनं मी ह्येच्या तोंडाकडं बगिटलं न्हाय."

वकीलसाहेबांनी दौत बाजूला सारली. गोष्ट संपली होती. कप्तान आता कप्तान राहणार नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि इथं मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा भर बैठकीत, न विचारता. माझ्याजवळ नियमांची पुस्तिका होती आणि एका माणसाची अब्रू केवळ नियम ठाऊक नसल्यामुळं जात होती. मी माझंच भाषांतर वाचून दाखवलं, की ज्याला पकडून पाडलं त्यानं चेंडू सोडावा, उठावं आणि पुन्हा खेळात यावं.

"म्हंजी?" आप्पा म्हणाले.

"म्हणजे यांनी काही लबाडी केली नाही!" मला कोण आनंद झाला होता. "धरलं की बाद, असा नियमच नाही मुळी. ते उठले ते बरोबरच. तुम्हालाही उठता आलं असतं."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की मी काय केलं. आप्पांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्याजागी जे आलं ते माझ्यानं बघवेना. ते सावकाश कप्तानांकडे वळले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आमाला उठता येत व्हतं, ह्ये ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग का रं?"

कप्तान म्हणाले, "तुझ्या पायात उभं ऱ्हायाचं बळ न्हवतं. पंधरा दिस हगवनीनं लोळत हुतास. सगळ्यांचीच ती गत. साहेबाला न्हाय म्हनता येत न्हवतं. त्ये गोरं रेड्यावानी, त्यांनी तुमाला मोडून ठिवलं असतं. तुमाला मैदानातनं भाईर काढायला मला दुसरं काय सुचलं न्हाय."

"मी उठलो असतो."

"म्हनूनच."

मला वाटलं, आता आप्पा पुढं होतील, दोघं गळ्यात पडतील. माझे डोळे भरून यायच्या बेतात होते. पण आप्पांनी गळ्यात बिळ्यात काही घेतलं नाही. ते खाली बसले आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

"वीस वर्सं तुला लबाड म्हनलो, त्ये माझं चुकलं," ते म्हणाले. "पाया पडतो. पर तू इचारायचं हुतंस. मोडायचा तर माझाच पाय मोडनार हुता न्हवं? नातू इचारतोय, आज्या, लढाईत काय केलंसा. मला दुसरं काय आठवतच न्हाय बग. रेघंवर बसल्यालं आठवतंय. गोरं हसाल्यालं आठवतंय. तू वाचिवलंस व्हय. पर तू मला बशिवलंस."

"चुकलं," कप्तान म्हणाले.

त्यांना मी अनेकदा वेड्यासारखं वागताना पाहिलं होतं, पण हरलेलं पाहिलं नव्हतं. मी इतका हादरलो होतो की माझ्या हातातली पुस्तिका मी उलटी धरली आहे हे मला शेजारच्यानं सांगितलं.

वकीलसाहेब खाकरले. पुरावा मिळाला होता. त्यांनी निकाल दिला की कप्तान हे कप्तान होते, तेव्हा हँडबिल आहे तसं छापावं आणि संघ त्यांनीच न्यावा.

"ती वळ खोडा साहेब," कप्तान म्हणाले.

"का? खरी आहे की!"

"त्या चौदांतला येकबी गडी मी इचारून घेतल्याला न्हवता. त्यो कसला संघ आन मी कसला कप्तान?"

ओळ खोडली गेली.

शनिवारी सरावाला पोरं जमली तेव्हा कप्तान त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं उघडं करून सांगितलं. गोरे आपल्यापेक्षा मण-मण जड आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या त्यांच्यातच खेळताना एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तुमचंही मोडेल. "ज्येला नगं वाटतंय त्यानं आत्ता सांगायचं. म्या कुनाला काय म्हननार न्हाय. आन घरात कुनाला सांगनार न्हाय." मी घाबरून म्हटलं, अहो, सामन्याच्या आदल्या दिवशी असं विचारतात काय? त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

मग तो अनगोळचा, थोबाडीत खाल्लेला, आमचा सगळ्यांत चपळ गडी, मान खाली घालून म्हणाला, "कप्तान, माझं लगीन ठरलंय. पाय मोडला तर सोयरीक मोडंल. मला भ्या वाटालंय."

"बरं केलंस सांगितलंस," कप्तान म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पोरगा रडला. बाकीचे चौदा राहिले. बदली गडी आमच्याकडे कधीच नव्हता.

रविवारी कँपाच्या मैदानावर गाव लोटलं होतं. रेघेवर निशाण घेऊन मी उभा होतो, शेजारी कप्तान. त्यांच्या गुडघ्यानं त्यांना खेळता येत नव्हतं. गोऱ्यांचा सार्जंट शिट्टी घेऊन आला आणि आमची माणसं पाहून त्यानं एक बोट वर केलं. एक कमी आहे. मी इंग्रजीत सांगितलं की आम्ही इतकेच. तेवढ्यात गर्दीतून लाल पटका पुढं आला. आप्पांनी पटका काढून माझ्या हातात दिला, वर सदराही दिला, आणि धोतराचा काचा मारायला लागले.

"पंधरावा मी," ते म्हणाले.

मी घाईघाईनं पुस्तिका उघडली. वयाची अट कुठंच नव्हती. मी दुसऱ्यांदा पाहिलं. नव्हती. "कप्तान, यांना सांगा काहीतरी! पन्नाशीला आलेत!"

कप्तानांनी तोंड उघडलं होतं. ते काय म्हणणार होते ते मला स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी ते गिळलं.

"खेळनार?" त्यांनी विचारलं.

"खेळनार."

"जा."

आमची पोरं चांगली खेळली, तरी जिंकणार नव्हतीच. ते हुतूतू ऐकून गोरे आधी हसले, मग हसायचे थांबले. आप्पा बराच वेळ एका बाजूला उभे होते, त्यांना कुणी चेंडू देत नव्हतं. पोरं त्यांना सांभाळून घेत होती, हे मलाही कळत होतं. मग रेटारेटीतून निसटलेला चेंडू मागं आला तो नेमका त्यांच्या हातात. त्यांनी तो छातीशी धरला आणि ते पळाले. पन्नाशीचा हडकुळा माणूस, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पंधरा-वीस पावलं गेले असतील. दुप्पट आकाराच्या एका लालबुंद सोल्जरनं त्यांना कमरेत धरलं आणि उचलून जमिनीवर आपटलं. तो आवाज रेघेपर्यंत आला.

सार्जंटानं शिट्टी तोंडाजवळ नेली. आप्पा पालथे पडले होते आणि हलत नव्हते. कप्तानांनी माझा दंड धरला. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. एक शब्द त्यांनी बाहेर येऊ दिला नाही. मी निशाण खाली टाकून आत धावणार होतो, त्यांनी मला सोडलं नाही.

आधी आप्पांचा एक हात हलला. मग ते गुडघ्यावर आले. त्यांच्या तोंडातून रक्त येत होतं. तो सोल्जर वाकून त्यांना हात द्यायला लागला, तो त्यांनी बाजूला सारला. ते उभे राहिले, झोकांडी गेली, सावरले. सुटलेला काचा पुन्हा खोचला. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गोऱ्यांकडे बघून, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते ओरडले, "खेळा की रं!"